सोळा इंचांचा हिशेब

विटेच्या भिंतीत खिळा कुठेही ठोका, वीट नाहीतर सांधा त्याला धरतोच. अमेरिकेतली बहुतेक घरे मात्र आतून पोकळ. दोन उभ्या लाकडांच्या मध्ये नेम पडला की खिळा क्षणभर कुरकुरतो आणि सुळकन आत जातो. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या माणसाला देवघराची फळी टांगताना हे कळते, तेही बहुधा गिलाव्याचा तुकडा हातात आल्यावर.

या पोकळीची गोष्ट 1830 च्या दशकातल्या शिकागोत सुरू होते. त्याआधी घर म्हणजे जाडजूड खांब आणि तुळया. एका लाकडात खाच पाडायची, दुसऱ्याचे टोक तासून त्यात बसवायचे आणि सांगाडा उभा करायला गाव गोळा करायचे. झपाट्याने वाढणाऱ्या शिकागोला कसबी सुतारही पुरत नव्हते आणि सवडही नव्हती. वखारीत एकसारखे कापलेले बारीक लाकूड मिळू लागले होते, यंत्रावरचे खिळे स्वस्त झाले होते. मग तेच बारीक लाकूड जवळजवळ उभे करून नुसते खिळ्यांनी जोडले जाऊ लागले. या ‘बलून फ्रेम’चे श्रेय कुणी जॉर्ज वॉशिंग्टन स्नो याच्या 1832 च्या गोदामाला देतात, कुणी ऑगस्टीन टेलरने 1833 मध्ये बांधलेल्या सेंट मेरी चर्चला. इतका सोपा शोध एकाच डोक्यातून निघाला असेल, हे पटणे कठीणच.

या नव्या सांगाड्यातले उभे लाकूड म्हणजे स्टड. बाहेरून फळ्या, आतून गिलावा, त्यामुळे तो पार दिसेनासा झाला. तरी त्याच्या जागेला हिशेब होता. गिलावा धरायला स्टडवर आडव्या लाकडी पट्ट्या ठोकत. त्या सहसा चार फूट लांब, आणि पट्टीचे प्रत्येक टोक स्टडवरच यायला हवे. 48 इंचांचे तीन समान भाग केले की 16 इंच येतात. म्हणूनच एक स्टड सापडला की सुतार पुढचे टेपने मोजून काढतो. फसगत होते ती कोपऱ्याशी, कारण उरलासुरला गाळा तिथेच जिरवलेला असतो.

पहिला स्टड शोधायचा कसा? बोटाने टकटक करून पोकळ आणि भरीव आवाज ओळखणे ही सर्वांना ठाऊक असलेली युक्ती. पण जाड गिलाव्यावर हा फरक इतका पुसट होतो की कान तयार लागतो. त्यापेक्षा खुणा बऱ्या. खिडकीच्या दोन्ही कडांना स्टड असणारच. जमिनीलगतची पट्टी स्टडवर ठोकलेली असते, तेव्हा रंगाखाली बुजलेली तिची खिळ्यांची डोकी शोधायची. विजेची पेटीही बहुधा एका बाजूने स्टडलाच टेकलेली. छताच्या तुळया शोधायच्या तर वरच्या मजल्याची जमीन पाहावी: फळ्या तुळयांना आडव्या जातात आणि त्यांवरच्या खिळ्यांच्या रांगा, दिसत असतील तर, खालच्या तुळईची रेघच आखून देतात.

बलून फ्रेममध्ये स्टड पायापासून छपरापर्यंत सलग जाई, त्यामुळे खाली सापडलेला वरच्या मजल्यावरही त्याच रेषेत मिळे. पण मधली पोकळीही तशीच सलग. माळ्यावरून साखळी सोडली की मध्ये आडकाठी नसेल तर ती थेट तळघरात उतरते. जुन्या घरात नवी वायर ओढणारे आजही हे करतात. आगही त्याच वाटेने वर चढे. विसाव्या शतकात प्रत्येक मजला वेगळा बांधायची पद्धत रूढ झाली, त्यामागे हे एक कारण होते.

व्हिक्टोरियन काळातल्या घरांनी स्टडचा हा शोध टाळण्याचीच सोय केली. छताखाली सभोवार एक लाकडी पट्टी ठोकायची, तिला आकडे अडकवून तसबिरी दोरीने खाली सोडायच्या. भिंतीला भोक पाडायचा प्रश्नच मिटला.

ऑगस्टीन सॅकेटने 1894 मध्ये कागद आणि जिप्समच्या पाटीचे पेटंट घेतले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अशा पाट्यांनी ओल्या गिलाव्याला जवळजवळ हद्दपार केले. पाट्या थेट स्टडवर बसत असल्याने साधे लोहचुंबक भिंतीवर फिरवले की लपलेल्या खिळ्यांवर ते चिकटते. अंधारात विजेरी भिंतीला चिकटवून तिरपा उजेड पाडला तरी बुजवलेल्या खिळ्यांचे उंचवटे दिसतात.

1970 च्या दशकाच्या अखेरीस बॅटरीवर चालणारे शोधयंत्र आले. भिंतीमागे लाकूड आले की बदलणारा विद्युत गुणधर्म ते टिपते. जुन्या घरात मात्र पट्ट्यांच्या फटींतून मागे ओघळून घट्ट झालेला गिलावा त्याला गोंधळात टाकतो, आणि तिथले सुतार पुन्हा लोहचुंबक काढतात.