नवा गेमिंग संगणक बंद पडतोय? दोष ग्राफिक्स कार्डाचाच असेल असे नाही!

नाशिक - दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या, की सुटीत नवा संगणक घेण्याचा आग्रह घराघरांत सुरू होतो. सुटे भाग निवडून जुळवलेल्या गेमिंग संगणकावर लाखभर रुपये सहज खर्च होतात. पहिल्याच आठवड्यात खेळ ऐन रंगात आलेला असताना पडदा काळा होतो, चित्र गोठते किंवा संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. ग्राहक कार्ड सदोष असल्याचे सांगतो, तर दुकानदार ‘आमच्याकडे व्यवस्थित चालते’ असे उत्तर देतो. या वादात भाग बदलून मिळण्याची मुदत निघून जाते. म्हणूनच दोष क्रमाने शोधणे आणि प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणे ग्राहकाच्याच हिताचे असते.

बिघाडाचा प्रकार ओळखा

पडदा क्षणभर काळा होऊन चित्र परत आले किंवा खेळ बंद होऊन डेस्कटॉप दिसू लागला, तर बहुधा विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केलेला असतो. २००७ मध्ये बाजारात आलेल्या ‘व्हिस्टा’पासून ही सोय आहे. कार्डाने साधारण दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ते पूर्वस्थितीत आणते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘सिस्टिम’ विभागात त्याची ४१०१ क्रमांकाची नोंद सापडू शकते. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद संगणक रीतसर बंद न होता अचानक बंद पडल्याचे सांगते. अशा वेळी प्रथम वीजपुरवठ्याकडे पाहावे. पडद्यावर रंगीत चौकोन वा रेघा उमटत असतील, तर मात्र कार्डावरील संशय बळावतो. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, खेळाचे नाव आणि दिसलेला संदेश वहीत लिहावा. पडद्याचे छायाचित्रही घ्यावे.

वीजपुरवठा तपासा

मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळते. उरलेली वीज एसएमपीएसच्या वायरींतून येते. सहा पिनांची जोडणी ७५, तर आठ पिनांची १५० वॉटसाठी असते. कार्डाला अशा दोन जोडण्या हव्या असतील, तर एकाच वायरीची दोन टोके न लावता दोन स्वतंत्र वायरी वापराव्यात. प्लग शेवटपर्यंत बसला आहे ना, हेही पाहावे. २०२२ मध्ये ‘आरटीएक्स ४०९०’ कार्डांचे नव्या पद्धतीचे प्लग वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या, तेव्हा प्लग अर्धवट बसणे हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे आढळले होते.

आपल्याकडे यूपीएसचाही विचार करावा लागतो. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचाच भार पेलतो. खेळ सुरू असताना संगणक त्याहून अधिक वीज ओढू लागला, की यूपीएस हात टेकतो आणि दोष कार्डाच्या माथी येतो. थोडा वेळ संगणक चांगले अर्थिंग असलेल्या भिंतीवरील सॉकेटला थेट जोडून पाहिल्यास हा उलगडा होतो.

उन्हाचा परिणाम

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीच्या घरात जातो. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले, की कार्डाचेही जवळपास तितकेच वाढते. वातानुकूलित दुकानात सुरळीत चालणारा संगणक घरी अडखळतो, त्याचे हे एक कारण असू शकते. ‘जीपीयू-झेड’सारख्या मोफत प्रोग्रॅमवर खेळताना तापमान पाहावे. कॅबिनेटची बाजूची झाकणी काढून समोर पंखा लावल्यावर बिघाड थांबला, तर दोष हवा खेळती नसण्यात आहे, असे समजावे. टेबलाच्या बंद कप्प्यात संगणक ठेवू नये.

ड्रायव्हर आणि रॅम

जुना ड्रायव्हर ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने पूर्ण काढून कार्डनिर्मात्याच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर नव्याने टाकावा. सर्वांत नवा त्रास देत असेल, तर त्याच्या आधीचा वापरून पाहावा. दुकानदाराने बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारी ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ सोय सुरू केली असल्यास ती तात्पुरती बंद करावी. रात्रभर ‘मेमटेस्ट ८६’ चालवल्यास रॅमचा दोष उघड होऊ शकतो. मात्र, एका वेळी एकच बदल करावा; अन्यथा गुण कशाने आला, हे कळत नाही.

चोर सोडून संन्याशाला

२०२४ मधील प्रकरण या बाबतीत बोलके आहे. अनेक खेळ ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश देऊन बंद पडत होते. साहजिकच लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत होते. प्रत्यक्षात दोष इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये होता. त्यांना गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मिळत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून बायोसद्वारे सुधारणा दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच खराब झालेला प्रोसेसर सुधारणेने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. या पिढीचा प्रोसेसर असलेल्यांनी बायोस अद्ययावत आहे का, हे आधी पाहावे.

कार्डच सदोष असेल तर

कार्ड कधीच सदोष नसते, असेही नाही. २०२१ मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ या खेळाच्या चाचणीदरम्यान ईव्हीजीए कंपनीची काही ‘आरटीएक्स ३०९०’ कार्डे निकामी झाली. त्यांतील डागकामात (सोल्डरिंग) दोष असल्याचे कंपनीने नंतर मान्य केले. यावर सोपी कसोटी म्हणजे अदलाबदल. आपले कार्ड दुसऱ्या संगणकात तोच खेळ चालवताना बंद पडले आणि दुसरे कार्ड आपल्या संगणकात सुरळीत चालले, तर कार्डाचा दोष सिद्ध झाला. दुकानदाराकडेही तोच खेळ निदान तासभर चालवून दाखवण्याचा आग्रह धरावा.

बिल सांभाळा

जुळवलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. त्यामुळे पक्क्या जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, खोकी जपून ठेवावीत आणि कार्ड स्वतः उघडू नये. तक्रार तोंडी न करता लेखी करावी. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाऊ शकतो. दुकान मुंबईत असो वा खरेदी ऑनलाइन झालेली असो, नाशिककराला नाशिकमध्येच तक्रार नोंदवता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे. तेथे वहीतील त्या नोंदी आणि छायाचित्रेच पुरावा म्हणून उपयोगी पडतील.