टीव्ही गेमची तार

चवथीच्या साफसफाईत माळ्यावर एक खोका सापडला. आत आमचा टीव्ही गेम! नव्वदच्या दशकात सर्रास विकली जायची तसली, जपानच्या निन्टेंडोची नक्कल. सोबत प्लास्टिकची बंदूक. भाच्याने तो आपल्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरला लावायचा हट्ट धरला. मॉनिटरच्या पाठीला एचडीएमआयचे चपटे भोक, आणि खोक्यातून निघाल्या पिवळ्या-पांढऱ्या पिना नि अँटेनाची काळी वायर. गोत्रच जुळेना.

आम्ही त्याला 'टीव्ही गेम' का म्हणायचो, ते तेव्हा नीट उमगले. हा खेळ जन्मला तोच टीव्हीच्या आश्रयाला. १९६६ साली रॅल्फ बेअर नावाच्या अमेरिकन इंजिनियरने, लष्करी कामे करणाऱ्या सँडर्स असोसिएट्स या कंपनीत नोकरीला असताना, टीव्हीवर खेळ खेळण्याची कल्पना कागदावर मांडली. अडचण एकच. घरातल्या टीव्हीत बाहेरून चित्र घालायची वाट म्हणजे फक्त अँटेना. मग खेळाच्या डब्यानेच इवलेसे प्रक्षेपण केंद्र व्हायचे. चित्र रेडिओलहरीवर चढवायचे आणि रिकाम्या चॅनेलवर सोडायचे. बिचाऱ्या टीव्हीला वाटायचे, कुठले तरी स्टेशन लागले! १९७२ साली मॅग्नावॉक्स ओडिसी बाजारात आला, तो याच युक्तीवर.

आमच्या घरीही तेच. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीची खुंटी फिरवत बसायचे. आधी मुंग्या, मग खरखर, मग एकदम चित्र. आजीची मालिका सुरू झाली की मात्र बंदूक खाली. टीव्ही घराचा होता, आम्ही उपरे.

मॉनिटर तेव्हा इतका परका नव्हता. १९८२ च्या कमोडोर ६४ या कॉम्प्युटरसाठी निघालेल्या १७०२ मॉनिटरला पिवळ्या पिनेतले साधे व्हिडिओ चित्र चालायचे, म्हणजे गेमचा डबाही चालायचा. फारकत झाली ती १९८७ साली, आयबीएमने व्हीजीए आणले तेव्हा. आपला टीव्ही सेकंदाला १५,६२५ रेघा ओढायचा, व्हीजीए मॉनिटर सुमारे ३१,५००. दिवसभर बारीक अक्षरे वाचायची तर चित्र स्थिर हवे, म्हणून ही दुप्पट घाई. पण त्यामुळे गेमच्या डब्याची संथ चाल मॉनिटरला झेपेना. दोघांच्या काचेच्या नळ्या सारख्याच, तरी बोलणे बंद. १९९८ साली जपानात आलेल्या सेगाच्या ड्रीमकास्टने वेगळी पेटी जोडून व्हीजीएशी सूत जमवले खरे, पण तो अपवाद. पुढे २००२ साली एचडीएमआयचा नमुना ठरला, २००६ च्या प्लेस्टेशन ३ ने तो घेतला, आणि टीव्ही-मॉनिटर हा भेदच गेमपुरता संपला.

असो. मी बाजारातून पिवळ्या पिनेचे एचडीएमआय करणारी डबी आणली. चित्र आले! थोडे ताणलेले, कडा पसरलेल्या. बदकेही उडाली. पण बंदूक लागेना. भाचा म्हणाला, "मामा, तुझी बंदूक बिघडली."

बंदूक बिघडली नव्हती. निन्टेंडोची १९८४ ची ती बंदूक गोळी मारतच नाही, ती बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, आणि नळीतला डोळा ती चमक टिपतो. ही चमक काचेच्या नळीत धावणाऱ्या किरणाची, वेळ अगदी ठरलेली. नव्या पडद्यात तो किरणच नाही, शिवाय डबीतून चित्र यायलाही किंचित उशीर. बंदूक नको त्या क्षणी बघते आणि रिकाम्या हाताने परतते. आमची नक्कलही त्याच वळणाची.

"मग तो जुना टीव्ही कुठे आहे?" त्याने विचारले.

तो मीच भंगारवाल्याला दिला होता. बदल्यात एक प्लास्टिकची बादली मिळाली होती.