देवगिरीच्या दोन वीणा

दौलताबादचा किल्ला पाहावयास येणाऱ्यांस मेंढा तोफ, अंधारी आणि चांदमिनार ह्यांची माहिती हटकून मिळते. परंतु गांवाचें नांव देवगिरी असतां येथें संगीताची केवढी मोजदाद झाली, हें सांगावयाचें बहुधा राहूनच जातें. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत यादव राजा सिंघण ह्याच्या पदरीं शार्ङ्गदेव हा जमाखर्चाचा मुख्य अधिकारी होता. घराणें मूळचें काश्मीरचें. 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ त्याचाच.

श्रुति बावीसच कां, ह्याचा पडताळा त्यानें हिशेबनिसाला शोभेल असाच दिला आहे. बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा सारख्या लावावयाच्या. एक ध्रुव, दुसरी चल. ध्रुववीणेस हात लावावयाचा नाहीं. चलवीणा मात्र एकेक श्रुतीनें उतरवीत जावयाची. दुसऱ्या उतरणीस तिचे गंधार-निषाद ध्रुवेच्या ऋषभ-धैवतांत मिसळतात. तिसरीस ऋषभ-धैवत षड्ज-पंचमांत. चौथीस षड्ज, मध्यम व पंचम आपापल्या खालच्या स्वरांत. बे दुणे चार, बे त्रिक सहा, तीन चोक बारा, बेरीज बावीस. साक्ष कानाची!

ह्या सूक्ष्म स्वरांची गांठ पुढें विद्युत्‌यंत्राशीं पडली. इंग्लंडांत १९८१ सालीं डेपेश मोड ह्या तरुण मंडळीचा 'स्पीक अँड स्पेल' हा सिंथेसायझरच्या सुरांवर उभारलेला पहिला संग्रह निघाला. लगेच १९८२ सालीं मुंबईंत, चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग ह्यांनीं भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस इत्यादि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केले. साधनें तीन, तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीचीं: ठेक्यास टीआर-८०८, खर्जास टीबी-३०३, रागाच्या सुरावटीस ज्युपिटर-८.

ह्या यंत्रांच्या सप्तकांत घरें बाराच. तोडीचा अतिकोमल गंधार त्यांत बसावा कसा? मात्र टीबी-३०३ मध्यें एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. त्या ओघांत सूर मधल्या, पट्टीवर नसलेल्या जागांना स्पर्श करून जातो. मींडेचा भास होतो तो ह्यामुळें. तेथें थांबणें यंत्रास साधत नाहीं, ही उणीव उरतेच. तरीहि रागाची ओळख बुजत नाहीं, हें यश लहान म्हणतां येणार नाहीं.

मुद्रिका फारशी खपली नाहीं. १९८७ सालीं शिकागोच्या फ्यूचर ह्या मंडळीनें त्याच टीबी-३०३ वर 'ॲसिड ट्रॅक्स' काढून नृत्यसंगीताचा नवा पंथच सुरू केला. सिंगांची मुद्रिका २०१० सालीं पुन्हां निघाली, तेव्हां ती पांच वर्षें आधींची आहे हें पाहून युरोपांतील रसिक थक्क झाले. तेथें जाऊन सत्तरी ओलांडलेल्या सिंगांनीं ते राग पुन्हां वाजविले. २०१५ च्या जुलैंत मुंबईंत त्यांचें निधन झालें.