पूर्वजांचा शोध : पेडण्याहून मोरसला



आमच्या पेडण्याच्या घरी महालयात पिंड ठेवताना एका नावापाशी भटजी थबकत. ते नाव खापरपणजोबांच्या धाकट्या भावाचे. 'राण्यांच्या बंडात वेंगुर्ल्याहून मोरसला गेला', एवढीच त्याची कथा. त्याला पिंड द्यावा की नाही, हा घरातला चार पिढ्यांचा वाद.

मोरस म्हणजे मॉरिशस. मोरस साखर हा शब्द आपल्या बोलीत रुळला. ऊस तोडावयास गेलेला माणूस मात्र विस्मरणात गेला.

प्रथम मी ते बंड १८९५ चे, दादा राणे यांचे समजलो आणि दोन वर्षे वाया घालवली. पिढ्यांचा हिशेब मांडला तेव्हा उमगले, की हे १८५२ ते १८५५ चे दीपाजी राणे यांचे बंड असले पाहिजे. डिचोली-सत्तरी तेव्हा अस्वस्थ होती, आणि वेंगुर्ले बंदर १८१२ पासून इंग्रजांकडे होते. तेथून पतेमारीने मुंबई, आणि पुढे महिना-दीड महिन्याचा सागरप्रवास.

मॉरिशसला करारबद्ध मजूर नेणारे 'अ‍ॅटलस' हे जहाज २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून तेथे पोहोचले. त्यावर ३६ मजूर होते. पुढे मुंबईहूनही जहाजे सुटू लागली. मजूर जेथे उतरत तो घाट आज आप्रवासी घाट म्हणून जगास ठाऊक आहे. २००६ मध्ये त्यास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ह्यू टिंकर यांचा १९७४ चा ग्रंथ या व्यवस्थेस गुलामगिरीचाच नवा अवतार ठरवतो. मला ते पटते. तरी घरची उपासमार टाळण्यासाठी माणसे जाणूनबुजूनही गेली असतील, असे वाटते.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही. जहाजाचे नाव हाती आले, की लॉइड्सच्या वार्षिक नोंदग्रंथांतून त्याचे वजन आणि कप्तान कळू शकतो. परंतु आडनावाने शोधू नये. तेथे घराण्याचे आडनाव बहुधा गळून पडले, आणि पहिल्या पिढीतील पुरुषाचे नावच पुढे आडनाव झाले. कारकुनाने कानी आले तसे रोमन लिपीत लिहिले. म्हणून गावाचे नाव मोठ्याने उच्चारून पाहावे. भाषेच्या अध्यापकास तेवढाच उपयोग!

पणजी येथील अभिलेखागारही, ज्याची स्थापना १५९५ मध्ये झाली आणि ज्याचे पहिले प्रमुख दियोगु दु कौतु होते, विसरू नये. नव्या काबिजादीतील मोडी कागद तेथे आहेत, आणि बापाच्या नावाची खातरजमा त्यांतूनच होऊ शकते.

मला दोन नोंदी मिळाल्या. नाव एकच, वय जुळते, गाव पेडण्याच्या जवळपासचे. एकाच्या बापाच्या नावात एका अक्षराचा फरक. एक तिसऱ्या वर्षी वारला. दुसऱ्याने पुन्हा करार केला, म्हणजे कदाचित त्याचा वंश आजही तेथे असेल. घरी विचारतात, आता तरी तिथी ठरवा. मी अजून ठरवलेली नाही. दोन्ही नोंदींच्या प्रती शाळेच्या ग्रंथालयात ठेवीत आहे. ज्यांच्या घरी मोरसला गेलेल्याची आठवण असेल त्यांनी त्या पाहाव्यात, आणि त्या अक्षराविषयी मला कळवावे.