ठेसनाचा माळ

आमच्या शिवारात एका माळाला अजून 'ठेसनाचा माळ' म्हणतात. तिथं आता ठेसन नाही, रूळ नाहीत, हात वर-खाली करणारा सिग्नल नाही. बाभळी आहेत आणि कुसळं आहेत. शाळेची पोरं मला विचारतात, "आजोबा, हितं कसलं ठेसन व्हतं? पोलिसाचं?" म्हणून हे लिहून ठेवतो.

आमचं गाव पांगरी आणि येडशीच्या मधलं, बालाघाटाच्या कुशीतलं. या बाजूनं बार्शी लाईट जायची. लाईट म्हणजे दिवा नव्हे, हलकी. रुळांमधलं अंतर अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती आखली. एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार पडायचा नाही असा त्याचा हिशेब होता. त्यामुळं रूळ हलके चालले, खर्च कमी आला आणि आमच्यासारख्या आडमुलखात आगगाडी आली. त्याआधी बार्शीच्या पेठेतला माल बैलगाड्यांनी कुर्डूवाडीला जायचा. त्या ठेसनाचं नावच तेव्हा 'बार्शी रोड' होतं. 1897 च्या मार्चमध्ये कुर्डूवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. 1906 ला ती पंढरपूरला गेली, 1911 ला लातूरला आणि 1927 ला मिरजेला पोचली. सगळी मिळून 200 मैलांच्या वर लाईन. 1954 साली ती सरकारी झाली.

आमचा तुकडा दोन राज्यांच्या शिवेवरचा. पांगरी इंग्रजांच्या मुलखात, येडशी निजामाच्या. रझाकारांच्या काळात तिकडची पुष्कळ माणसं जीव मुठीत धरून बार्शीकडं आली. आमचे आजे सांगायचे, त्या दिवसांत गाडी आली की गावातली माणसं आधी डब्यांकडं बघायची, कुणाचं कोण उतरतंय म्हणून.

मी पाहिली ती गाडी कोळशाच्या इंजिनाची. पुढं डिझेल आलं. घाट चढताना ती इतकी दमायची की धडधाकट पोरं खाली उतरून, बोरं तोडून परत चढायची. आषाढीला डब्यात जागा नसायची, वारकरी टपावर बसून पंढरपूरला जायचे. गावात घड्याळं दोन-तीन. सकाळची गाडी गेली की बाया भाकरी बांधून रानात निघायच्या. संध्याकाळची शिट्टी ऐकली की बैल आपणहून गोठ्याकडं तोंड करायचे.

पण ही गाडी खरी बायांची होती. आमच्या डोंगराला सीताफळ फार. पितृपंधरवडा लागला की दिवाळीपर्यंत बाया पहाटे डोंगरात जायच्या. फळाचे डोळे उघडून मधला रंग पिवळसर दिसला की तोडायचं. तळाला पाला, वर फळं, पुन्हा पाला अशी पाटी भरायची. सीताफळ दोन-तीन दिवसांत पिकतं, मग ते कुणाची वाट बघत नाही. आज तोडलं तर आजच गाडीला लागलं पाहिजे. माझी आई अशा पाट्या घेऊन बार्शीला जायची, कधी कुर्डूवाडीला. मोठ्या गाडीच्या उतारूंना फळं विकली की दोन पैसे जास्त मिळत. ठेसनावरचे मास्तर तिला म्हणायचे, "मावशे, चढव लवकर पाटी, गार्डानं झेंडी काढली." पाटीला हात लावायला डब्यातलं कुणीतरी पुढं यायचंच.

बहात्तरच्या दुष्काळात शेतात कुसळ उगवलं नाही. रेशनला तांबडी मिलो मिळायची, वडील खडी फोडायला जायचे. माझी पुढची वह्या-पुस्तकं, फी, दहावीपर्यंतचं सगळं शिक्षण आईच्या पाट्यांवर झालं. शेतानं दगा दिला तरी डोंगर आणि गाडी मिळून घर चालवत होते.

पुढं लाईन मोठी करायचं ठरलं. साडेपाच फुटांचे रूळ येणार म्हणून आम्हीही पेढे खाल्ले. 2007 ला लातूरहून धाराशिवपर्यंत आणि 2008 ला धाराशिवहून कुर्डूवाडीपर्यंत मोठी लाईन झाली. जुनी गाडी धाराशिव शहराला कधी शिवलीच नव्हती. नवी लाईन त्या शहरावरून वळवली. ते रास्तच होतं, जिल्ह्याच्या गावाला आगगाडी नसावी हे बरं नव्हतं. पण त्या वळणात आमचा घाटाचा तुकडा सुटला. रूळ उचलले गेले. मास्तरच्या खोलीचं छप्पर आधी गेलं, मग दारं, मग दगड. इंजिनाला पाणी द्यायची टाकी भंगारात गेली. ज्या चिंचेखाली बाया पाट्या टेकायच्या ती एका वादळात पडली. भराव काही जणांनी शेतात ओढून सपाट केला. ओढ्यावरच्या मोरीचा दगडी कान तेवढा उरलाय, त्यावर गुराखी बसतात.

हायवे झाला, मोटारी वाढल्या, पोरं तासाभरात बार्शीला जाऊन येतात. हे चांगलंच झालं. पण पहाटे मोटारीत पाट्या चढवू देईनात. "मावशे, रस लागतो, लोक वरडत्यात," असं तोंडावर सांगायचे. चार पाट्यांसाठी टेम्पो परवडत नाही. मग व्यापारी गावात येऊ लागला. तो बांधावर भाव सांगतो, आणि सीताफळ थांबत नाही म्हणून बाई हो म्हणते. पूर्वी ती पाटी घेऊन पुढच्या ठेसनाला जाऊ शकत होती. आता पुढचं ठेसन नाही. हळूहळू बायांनी डोंगरात जायचं सोडलं, खुरपायला जाऊ लागल्या.

गाडी गेली तेव्हा पुष्कळांनी तिच्या शिट्टीची, धुराची, झुकझुकीची आठवण काढली. मलाही ती येते. पण आमच्या माळावरून नुसती शिट्टी गेली नाही. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, तिला स्वतःचा माल स्वतः विकायची एक वाट होती, ती गेली. ठेसनाचा माळ हे नाव बोलण्यात आहे, कागदावर नुसता गट नंबर आहे. अजून दहा वर्षांनी हे नावही कुणी घेणार नाही. तोवर डोंगरातली सीताफळं मात्र दर साली येतील, आणि न्यायला कुणी नसलं की झाडाखालीच फुटतील.