थायरॉइडच्या रक्ताचा प्रवास

घरी येऊन थायरॉइडसाठी रक्त नेणारी लॅब निवडताना बहुतेक घरांत दोनच प्रश्न विचारले जातात: पैसे किती आणि रिपोर्ट कधी. या चाचणीचा आपल्याकडचा इतिहास पाहिला तर हे दोन्ही प्रश्न केव्हाच सुटले आहेत. लॅब-लॅबमध्ये खरा फरक पडतो तो रक्त काढल्यापासून ते यंत्रात जाईपर्यंतच्या वाटेवर, आणि रिपोर्टखाली सही करणाऱ्याच्या जबाबदारीत.

ही चाचणी मुळात अणुविज्ञानाच्या घरातली. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५०च्या दशकात किरणोत्सारी आयोडीनच्या मदतीने रक्तातलं इन्सुलिन मोजलं. पुढे त्याच रेडिओइम्युनोअॅसे पद्धतीने थायरॉइडची संप्रेरकंही मोजता येऊ लागली. यॅलोंना १९७७मध्ये नोबेल मिळालं, बर्सन तोवर हयात नव्हते. मुंबईत परळला अणुऊर्जा विभागाचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून थायरॉइडच्या कामात होतं. ही पद्धत मात्र गल्लीतल्या लॅबला झेपणारी नव्हती. आयोडीन-१२५चं अर्धआयुष्य साधारण ६० दिवसांचं, म्हणजे आणलेलं किट कपाटात पडूनही निकामी होत जायचं. शिवाय गॅमा काउंटर हवा, किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याची परवानगी हवी. साहजिकच पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबून एकदम बॅच लावणंच परवडे. रुग्ण वाट पाहायचा.

ही कोंडी फुटली ती एका साध्या गोष्टीमुळे. सीरम वेगळं करून थंड ठेवलं तर थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, म्हणजे टीएसएच, काही दिवस टिकतं. साखरेचं तसं नाही, साध्या नळीत तसंच ठेवलेलं रक्त तासागणिक साखर गमावतं. भाभा अणुसंशोधन केंद्रात थायरॉइडच्या जीवरसायनशास्त्रावर काम केलेल्या ए. वेलुमणी यांनी १९९६मध्ये मुंबईत थायरोकेअर सुरू केली, ती याच टिकाऊपणाच्या भरवशावर. गावोगावचे नमुने विमानाने मुंबईला आणायचे आणि एकाच ठिकाणी प्रचंड संख्येने तपासायचे. तोवर किरणोत्साराऐवजी प्रकाश मोजणारी केमिल्युमिनेसन्सची यंत्रंही आली होती. सुरुवातीच्या चाचण्यांना लिटरमागे साधारण १ मिलियुनिटच्या खालचं टीएसएच नीट ओळखता येत नसे, नव्या पिढीची यंत्रं ०.०१पर्यंत पोचली. तेव्हा ‘स्वस्त म्हणजे कमअस्सल’ हा आक्षेप इथे टिकत नाही. दर उतरले ते प्रामुख्याने संख्येमुळे, आणि महागड्या लॅबमध्येही बहुधा त्याच दर्जाचं यंत्र असतं.

मग कुणी म्हणेल, टीएसएच एवढं चिवट आहे तर वाटेची काळजी कशाला? कारण चिवट आहे तो रेणू, नळीवरचं लेबल नव्हे. बारकोड घरात, रुग्णाचं नाव विचारून चिकटवला की गाडीत बसून, यावर सगळा रिपोर्ट उभा असतो. टीएसएच रात्री चढतं आणि दिवसा उतरतं; एकदा सकाळी सातला आणि पुढच्या खेपेला दुपारी तीनला रक्त दिलं तर थायरॉइडची गोळी न बदलताही आकडा बदलू शकतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या काही यंत्रांना फसवतात आणि टीएसएच खोटंच कमी दाखवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७मध्ये बायोटिनच्या अशा घोटाळ्यांबद्दल इशारा दिला होता. रक्त न्यायला आलेला मुलगा हे विचारतो का? घाईत नाही विचारत, आणि दरयुद्धातली बचत नेमकी त्याच्याच वेळेतून होते.

लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मोहोर पुरेशी नाही का, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही मान्यता घेणं लॅबच्या मर्जीवर असतं आणि ती विशिष्ट ठिकाणच्या विशिष्ट चाचण्यांना मिळते, कंपनीच्या नावाला सरसकट नाही. जाहिरातीत मोहोर झळकते, पण तुमची नळी दुसऱ्याच शाखेत लागलेली असू शकते. सहीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या डिसेंबरमध्ये भूमिका घेतली: पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. महाराष्ट्रात तंत्रज्ञांच्या लॅब आणि पॅथॉलॉजिस्ट यांचा वाद जुना आहे. निव्वळ धंद्याचं भांडण म्हणून तो झटकून टाकणं मला पटत नाही. आकडा विचित्र आला तर फोन कुणाला करायचा, हे त्या सहीवरून कळतं.

म्हणून लॅबला विचारा: नळी नेमकी कुठे लागणार, त्या ठिकाणच्या टीएसएचला मान्यता आहे का, सही कुणाची? उत्तरं पटली की तीच लॅब आणि रक्त देण्याची तीच वेळ कायम ठेवा. दर खेपेला ऑफर बघून लॅब बदलली, तर डॉक्टर गोळीचा डोस दोन यंत्रांमधल्या फरकावरून ठरवतील.