दुर्बीण, पाटन आणि एका बालरोगाचे नाव

इ. स. १८८६ मध्ये बर्लिन येथे बालरोगतज्ज्ञांच्या सभेत कोपनहेगनचे हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी दुर्धर मलावरोधाने दगावलेल्या दोन अर्भकांची हकीकत मांडली. मोठ्या आतड्याच्या विस्तारामुळे व वृद्धीमुळे नवजातांस मलावरोध होतो, असा कार्यकारणभाव त्यांनी निबंधाच्या मथळ्यातच गोवला होता. शवविच्छेदनात डोळ्यांत भरले ते फुगलेले आतडे. तेच रोगाचे मूळ मानले गेले आणि ‘जन्मजात महाबृहदंत्र’ ह्या अर्थाची संज्ञा रूढ झाली. वस्तुतः दोष फुगवट्यात नसून त्याच्या खालच्या, गुदाकडील अरुंद व दिसावयास निरुपद्रवी अशा भागात असतो. तेथे आतड्याच्या भिंतीत जन्मतःच चेतापेशी नसतात. त्यामुळे तो भाग सैल होत नाही, मळ वरच्या बाजूस साचतो व तेथील आतडे फुगते. १९०१ मध्ये टिटेल यांनी ह्या अभावाची नोंद केली होती. परंतु नावाने बांधलेली दृष्टी तिकडे वळली नाही. शल्यविशारद फुगलेलाच भाग कापीत राहिले व बालकांचा त्रास पुनःपुन्हा उद्भवत राहिला.

१९४८ मध्ये बॉस्टनच्या ओर्व्हार स्वेन्सन यांनी तो अरुंद भाग काढून निरोगी आतडे खाली ओढून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. नागपूरकर ज्यास नुसते ‘मेडिकल’ म्हणतात ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याच्या आदल्याच वर्षी, १९४७ मध्ये, सुरू झाले होते.

सुश्रुताच्या ‘बद्धगुदोदरा’शी ह्या रोगाची सांगड घालण्याचा मोह सहज होतो. चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायात नाभीखाली डावीकडे उदराचे पाटन करून, आतडी बाहेर काढून, अडथळा दूर करावा असे सांगितले आहे, हे खरे. पण तेथील अडथळा केस, खडा अशा वस्तूंचा आहे. साम्य लक्षणांचे, कारणाचे नव्हे.

मुंबईत १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. १९९५ मध्ये अमेरिकेत जॉर्जसन यांनी प्रस्तुत बालरोगासाठी तोच मार्ग वापरला. ‘दुर्बीण’ हा शब्द मूळचा फारसी. दूरचे पाहणारी ती दुर्बीण. आता ती बोटभर अंतरावरचे आतडे दाखविते, आणि कोणास त्यात विसंगती जाणवत नाही. डॉ. रघुवीर यांनी नागपुरात राहून संस्कृत धातूंवरून विपुल परिभाषा घडविली. तरी रुग्णालयाच्या ओसरीवर चालते ते ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’च.

दोन्ही पद्धतींच्या तुलनेत दुर्बिणीने रक्तस्राव कमी होतो, व्रण लहान राहतो व बालक सामान्यतः लवकर घरी जाते. मात्र पुढील वर्षांत मळावर ताबा किती राहील, मलावरोध वा आंत्रदाह पुन्हा होईल काय, ह्या बाबतींत तिचे निर्विवाद श्रेष्ठत्व दिसून आलेले नाही. ह्याचे एक मोठे कारण असे की, निर्णायक काम दोहोंत एकच आहे. शस्त्रक्रिया चालू असतानाच आतड्याचा तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात व चेतापेशी नेमक्या कोठून सुरू होतात ते ठरवितात. ही सीमा चुकली, तर छेद बोटभर असो की वीतभर, त्या बालकास पुन्हा शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागण्याचा संभव राहतो.